दुसरा ठोका

डार्लास्टन, ४ मार्च १८७२, सोमवार

आज मशीन इंजिनच्या पट्ट्यावर चढवलं आणि ते चाललं. हे एक वाक्य लिहायला मिळावं म्हणूनच ही वही घेतली होती. मालक म्हणतात, रोजच्या चाचण्यांची नोंद ठेव, पेटंटच्या वकिलाला लागेल. तेव्हा लिहितो.

मिस्टर पार्जेटर यांच्या कारखान्यात मी, सायलस यार्डली, बारा वर्षं फिटर आहे. आमच्या जुन्या रिवेटच्या मशीनांवर बाया काम करतात. भट्टीतला लाल तुकडा सांडशीनं जबड्यात ठेवायचा, एक दांडा ओढून जबडा मिटायचा, दुसरा दांडा ओढून घण सोडायचा, मग पहिला दांडा उलटा ढकलून जबडा उघडायचा आणि डोकं बसलेला रिवेट उपसून काढायचा. मिनिटाला अकरा. संध्याकाळी बायांना वेणी घालायला हात वर नेता येत नाही.

माझ्या मशीनला दांडे नाहीत. खाली एक पायपट्टी आहे. ती दाबली की चाकाची एक फेरी सुटते. त्या एका फेरीत जबडा मिटतो, घण बसतो, जबडा उघडतो आणि खालून एक खुंटी रिवेटला वर उडवते. फेरी पुरी झाली की एक लोखंडी खटका आडवा येऊन चाकाला अडवतो. पाय पुन्हा दाबेपर्यंत सगळं गप्प.

आज मिनिटाला सव्वीस.

डॉर्कसला वाचून दाखवलं. माझ्या बायकोला अक्षर येत नाही, पण लग्नाआधी सात वर्षं तिनं हेच काम केलंय, त्यामुळे तिला काहीही सांगून चालत नाही. ती म्हणाली, "माझा उजवा खांदा दमट हवेत अजून बोलतो, तेही लिही." लिहिलं.

१३ मार्च, बुधवार

चाचणीसाठी टेमार फॉक्सॉलला मागून घेतलं. वय एकेचाळीस, नवरा खाणीत मेला त्याला सहा वर्षं झाली. आमच्याकडे तिच्याइतका सफाईदार हात दुसरा नाही. डॉर्कस कामावर लागली तेव्हा टेमारनंच तिला शिकवलं होतं.

तिनं मशीनभोवती एक चक्कर मारली, जशी बाजारात बाई कोंबडी बघते तशी.

"दांडे कुठायत?"

"नाहीत. पायानं चालतं."

"आणि हात?"

"एका हातानं तुकडा ठेवायचा, बस. दुसरा मोकळा."

"मोकळा हात!" ती मागे वळून ओरडली. "ऐकलंत का गं? सायलसनं आपल्याला मोकळा हात दिलाय. नाक खाजवायला."

पलीकडच्या मशीनवरून फीबी वॉसल म्हणाली, "तू आता पाय दाबतेस की नाचतेस?"

"तुझ्या लग्नात नाचीन. कुणी मिळाला तर."

दुपारपर्यंत ती मिनिटाला अठ्ठावीसवर गेली. मला चोवीसच जमतात. जेवायच्या सुट्टीत पावाला चरबी लावता लावता म्हणाली, "खांदा दुखत नाही रे. याच दांड्यांवर झिजलेल्या तुझ्या आईनं हे बघायला हवं होतं." मी भट्टीकडे बघत राहिलो.

२१ मार्च, गुरुवार

आज एक खोड दिसली. टेमार भट्टीवर गेली होती म्हणून मी स्वतः पट्टी दाबत होतो. एकदा दाबली, पाय उचलला, फेरी झाली, आणि चाक न थांबता दुसरी फेरी झाली. घण पुन्हा खाली आला. जबड्यात काही नव्हतं, लोखंडावर लोखंड वाजलं.

कारण सापडलं असं वाटतं. पट्टी हलकी लागावी म्हणून मी खटक्याचा कोपरा कानशीनं थोडा गोल केला होता. चाक भरवेगात असलं की तो कोपऱ्यावरून निसटत असणार. मागची स्प्रिंग बदलून जाड घातली. नंतर सहाशे तुकडे केले. एकदाही नाही.

डॉर्कसला वाचून दाखवलं. तिनं विणकाम खाली ठेवलं.

"हात कुठे होता तुझा तेव्हा?"

"बाजूला."

"आणि टेमारचा असता?"

"अगं, स्प्रिंग बदललीय."

५ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा झालं. चार हजारांवर तुकडे नीट झाले आणि मग एकदा दुसरा ठोका. पाय माझाच होता आणि तो वर होता, याबद्दल मला शंका नाही.

आता उपाय कळलाय. एका खटक्यावर भागायचं नाही. पहिला निसटला तर धरायला पाठीमागे दुसरा हवा, आणि पट्टी पुरती सोडून पुन्हा दाबल्याशिवाय तो सुटताच कामा नये. पण त्यासाठी दांड्याला नवी खाच पाडायची, म्हणजे मशीन निम्मं उघडायचं. तीन आठवडे. आणि सोमवारी टिप्टनच्या कारखान्याचे लोक मशीन विकत घ्यावं का ते बघायला येणार. मालकांनी सहा महिने माझ्यावर विश्वास टाकून थांबून काढलेत. त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगू?

चार हजारांत एक. आणि त्या एका वेळी हात आत असेलच असं नाही. सोमवार पार पडू दे, मग लगेच उघडतो.

आजचं डॉर्कसला वाचून दाखवलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

८ एप्रिल, सोमवार

काय दिवस! टिप्टनचे तिघे उंच टोप्या घालून उभे, आणि टेमार त्यांच्याकडे न बघता तुकडे टाकतेय, जसे कोंबड्यांना दाणे टाकावेत. मिनिटाला तीस. त्यांतल्या थोरल्यानं घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं. तीन मशीनं मागवून गेले. मालकांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. आमच्या स्वतःच्या शेडसाठीही चार करायची.

ते गेल्यावर टेमार माझ्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "सायलस, सकाळी मशीननं एका दाबात दोन ठोके घेतले."

मी म्हणालो, "तुझा पाय खाली राहिला असेल."

तिनं आपल्या बुटाकडे बघितलं. "राहिला असेल," ती म्हणाली. "या टोपीवाल्यांनी घाबरवलं मला. लक्ष ठेवते."

मला सांगता आलं असतं. पण मालक चार पावलांवर होते.

१९ मे, रविवार

चॅपेलहून आलो. तिथे मी शिकवतो त्या मुलांच्या वर्गात आज खरं बोलण्याचा धडा होता. तो दुसऱ्या शिक्षकाला दिला, माझा घसा बसलाय.

चारही मशीनं शेडमध्ये चालू झालीत. टिप्टनची तीन बनताहेत, कंबर मोडेतो काम आहे. दांड्याची खाच मनातून गेली नाही, पण सगळी मशीनं एकाच नमुन्यावरून चाललीत. आता नमुना बदलायचा म्हणजे का बदलायचा ते सांगावं लागेल. दुसऱ्या ठोक्याची तक्रार महिन्याभरात आली नाही. मी बायांना बजावून ठेवलंय, पाय झटकन उचला. त्यांनी त्याचं गाणंच केलंय. फीबी मधूनच ओरडते, "पाय!" आणि बाकीच्या सुरात म्हणतात, "वर!"

२४ जून, सोमवार

टिप्टनची तीन मशीनं आज कालव्यावरून बोटीनं गेली. ताडपत्री बांधताना क्षणभर वाटलं, थांबवावं. पण घोडा जुंपलेला होता आणि नावाडी तंबाखू थुंकत माझ्याकडे बघत होता.

११ जुलै, गुरुवार

टेमारचा उजवा हात.

१४ जुलै, रविवार

लिहायलाच हवं.

खुंटीनं रिवेट उडवला नाही, अर्धवट वर येऊन अडकला. हे होतं कधी कधी. आकड्यानं तो हुसकायचा असतो. टेमारनं पाय उचलला, आकडा घातला, आणि घण दुसऱ्यांदा आला. मी दहा हातांवर होतो. तो आवाज मी ओळखतो. टेमार ओरडली नाही. ती म्हणाली, "अरेच्चा." बशी हातातून निसटल्यावर म्हणावं तसं.

फीबीनं तिला धरलं. मी पट्टा उतरवला.

डॉक्टरांनी मधली तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली.

डॉर्कस तिच्याकडेच आहे. चॅपेलनंतर कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "तुला किती लागलं असेल, तुझ्याच मशीनवर." मी "हो" म्हणालो.

१७ जुलै, बुधवार

मालक, डॉक्टर आणि मी टेमारच्या घरी गेलो. सरकारी तपासनिसाला कळवायचं म्हणून तिचं म्हणणं लिहून घ्यायचं होतं. ती खुर्चीत बसलेली, हात उशीवर. चेहरा मेणासारखा.

डॉक्टरांनी विचारलं, "मिसेस फॉक्सॉल, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"पाय राहिला असेल माझा खाली," टेमार म्हणाली. "दुसरं काय? सायलसनं मला आधीच सांगितलं होतं. एप्रिलमध्येच. एकदा राहिला होता तसाच."

"तुला उचलल्याचं आठवत नाही?" मालकांनी विचारलं.

"आठवतं तर असं की उचलला." तिनं कपाळ पुसलं. "पण मग घण कसा येईल? म्हणजे नसणार उचलला. माणसाला वाटतं उचलला."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असं त्या वेळी वाटलं.

डॉक्टरांनी लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

निघताना टेमार मला म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस रे. तुझं मशीन चांगलंय."

२९ जुलै, सोमवार

शेडमधल्या चारही मशीनांना दुसरा खटका बसवला. मी तीन आठवडे धरले होते. दहा दिवस लागले. एका मशीनला अडीच दिवस! एप्रिलमधला तो शुक्रवार ते सोमवार, एवढ्यातच झालं असतं.

मालकांना सांगितलं की बाई चुकली तरी मशीन चुकू नये अशी सुधारणा आहे. ते फार खूश झाले. "यार्डली, दुसऱ्याच्या चुकीवरही तू उपाय काढतोस," म्हणाले. मला शेडचा फोरमन केलं.

टिप्टनला पत्र लिहिलं: 'खटक्यात एक सुधारणा केली आहे. आपल्या सवडीनं बसवून घ्यावी.' तीनदा लिहिलं आणि तीनदा तेच शब्द आले.

डॉर्कसला फोरमनचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि टेमारसाठी करड्या वाटाण्यांचा रस्सा डब्यात भरू लागली.

५ ऑगस्ट, सोमवार

टिप्टनहून उत्तर: सध्या काम फार, सवड नाही, सुधारणेचं हिवाळ्यात बघू.

मी कळवलं होतं. माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालं. हे वाक्य मी दिवसभरात किती वेळा मनात म्हटलं त्याला गणती नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

डॉर्कस रोज टेमारकडे जाते, येते, काही बोलत नाही. आज म्हणाली, "तू मला वहीतलं वाचून दाखवायचास."

"वही बंद केली. चाचण्या संपल्या."

"हो का?" ती म्हणाली. शाईची दौत टेबलावरच होती. तिनं ती उचलली, खालचं फडकं पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवली.

शेडमध्ये फीबीनं डाव्या घोट्याला कातड्याची वादी बांधलीय. दुसरं टोक कमरेला. दर ठोक्याला ती वादी ओढून आपला पाय आपणच वर खेचते. दोन खटके आहेत, काही होणार नाही, असं मी तिला म्हणालो. "तुझ्या खटक्यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "माझ्या पायावर नाही. टेमारसारख्या बाईचा पाय चुकतो तर माझा काय!" आता इतर दोघींनीही वाद्या बांधल्यात. "पाय, वर" कुणी म्हणत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

डॉर्कसला बरं नव्हतं म्हणून रश्शाचा डबा द्यायला मला पाठवलं. (आता लिहिताना वाटतं, तिला तसं काही होत नव्हतं.)

टेमारचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी खुर्चीत बसली होती. उजवा पाय फरशीवर दाबत होती आणि उचलत होती. दाबला, उचलला. दाबला, उचलला. तोंडानं पुटपुटत होती, "खाली. वर. खाली. वर." तिच्या बुटाखालची फरशी घासून उजळ झाली होती.

मी डबा उंबऱ्यावर ठेवून निघून आलो.

१५ सप्टेंबर, रविवार

आज दुपारी गेलो. सांगितलं.

मी काय काय ठरवून गेलो होतो. त्यातलं काही आलं नाही. मी म्हणालो, "टेमार, तुझा पाय वर होता."

तिनं हलणारा पाय थांबवला.

मग सगळं सांगितलं. माझ्या पायाखाली मार्चमध्ये झालं ते, एप्रिलमध्ये झालं ते, कोपरा घासलेला, टिप्टनचे लोक. ती ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा मारेल. मला मारलेलं हवं होतं.

"एप्रिलमध्ये मी तुला सांगितलं तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि डॉक्टर लिहीत होता तेव्हा?"

"हो."

"बोटांचं मी देवाशी बोलून घेतलंय, सायलस. लोखंडाच्या कामात बोटं जातात, माझ्या आईचं पण गेलं होतं एक. पण नऊ आठवडे मी या पायाला शिव्या देतेय. आंधळ्यासारखी शिकवतेय त्याला. अठ्ठावीस वर्षं काम केलं, आणि मला वाटायला लागलं की मला पाय उचलता येत नाही. हात मशीननं घेतला. पाय तू घेतलास."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"त्यासाठी आलास होय?" ती म्हणाली. "म्हणजे मी 'जा बाळा' म्हणायचं आणि तू हलका होऊन घरी जायचं. नाही रे. माझ्यासमोर दार लावून काय सांगतोस? फीबीला सांग. त्या पोरी घोटे बांधून बसल्यात म्हणे, डॉर्कस सांगत होती. त्यांना सांग. आणि ती बोटीनं पाठवलेली, त्यांचं काय केलंस?"

मी पत्राचं सांगितलं. 'सवडीनं' हा शब्दही सांगितला.

"सवडीनं," टेमार म्हणाली. तिनं तो उरलेला हात उचलून माझ्यासमोर धरला आणि खाली ठेवला.

घरी येऊन डॉर्कसला सांगायला लागलो. तिनं मध्येच थांबवलं.

"मला ठाऊक आहे. मार्चमधलं तूच वाचून दाखवलंस की. एकवीस तारखेचं. विसरलास?"

विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." मग, "आणि तुझी बायको म्हणून. रोज तिला रस्सा भरवलाय मी या हातानं. ती म्हणायची, डॉर्कस, माझा पाय बघ गं, आता नीट उठतो का. मी म्हणायचे, उठतो."

तिनं तोंडावर तो खरखरीत एप्रन ओढला. मला तिच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

जेवायच्या सुट्टीत मशीनं थांबली तेव्हा मी एका पेटीवर चढलो. मालकांना आधीच बोलावून ठेवलं होतं, एवढंच म्हणून की काही सांगायचंय. त्यांना वाटलं असावं, फोरमन झाल्याचे आभार मानणार.

सांगितलं. फार वेळ लागला नाही. पाच महिने पोटात ठेवलेली गोष्ट चहाचा कप निवायच्या आत सांगून झाली.

फीबी वाकली, चाकूनं घोट्याची वादी कापली आणि माझ्याकडे फेकली. ती माझ्या छातीवर लागून खाली पडली.

"उजव्या पायानं पट्टी दाबते आणि डाव्या घोट्याला बांधलं होतं मी," ती म्हणाली. "भीतीनं एवढंही कळत नव्हतं. हसा आता." कुणी हसलं नाही. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं, रोज बघत होतो तरी.

मालकांनी मला कचेरीत नेलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ते बसले.

"तू मला एप्रिलमध्ये का नाही सांगितलंस?"

"ते लोक सोमवारी यायचे होते, मालक."

"मी त्यांना पुढच्या महिन्यात बोलावलं असतं."

"तुम्ही चिडला असतात."

"चिडलो असतो. आणि मग बोलावलं असतं." त्यांचा आवाज चढला. "तू माझ्या वतीनं ठरवून टाकलंस की मी कसा माणूस आहे!"

ते खरं बोलत होते की आता तसं बोलणं सोपं होतं, मला सांगता येत नाही. बहुधा त्यांनाही नाही. पण मी विचारून पाहिलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

मला कामावरून काढलं. तपासनिसाकडे नवं निवेदन पाठवीन म्हणाले, टेमारचं नाव साफ होईल असं. टिप्टनला वकिलाशी बोलून मग लिहितो म्हणाले. "किती दिवस?" मी विचारलं. "यार्डली," ते म्हणाले, "तू दिवस मोजायला आज सुरुवात केलीस."

निघताना त्यांच्याकडे एक मागितलं. भंगारातलं लोखंड, तीन खटक्यांपुरतं. त्यांनी हातानं 'ने' अशी खूण केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल दिवसभर घरच्या शेगडीवर तीन खटके घडवले. डॉर्कसनं भाता ओढला. आम्ही फारसं बोललो नाही, पण भाता मी न सांगता वेळेवर येत होता.

आज पहाटे खटके आणि हत्यारं पोत्यात घालून वेन्सबरीवरून टिप्टनला चालत गेलो. फाटकावरच्या माणसाला म्हणालो, पार्जेटरकडची मशीनं मी बनवलीत, दुरुस्तीला आलोय. यातलं खोटं काही नव्हतं. त्यानं आत सोडलं.

तिथला फोरमन, गिडियन प्लांट नावाचा, चांगला माणूस निघाला. मी सगळं सांगितलं.

"पत्रात तर सुधारणा लिहिलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आम्ही म्हटलं, विकणाऱ्यांच्या सुधारणा रोजच्याच." त्यानं टोपी काढली. मधल्या मशीनकडे बोट केलं. "ऑगस्टच्या बावीस तारखेला त्याच्यावरची बाई. चार बोटं. आम्ही म्हटलं पाय राहिला."

बावीस ऑगस्ट. माझं पत्र पोचून तीन आठवडे झाले होते.

मी पोतं सोडून खटके बाहेर काढले. प्लांटनं पट्टा उतरवून तीनही मशीनं मोकळी करून दिली. "बसव," म्हणाला. "मालकाला मी बघतो." खाचा पाडायला त्याचे दोन फिटर दिले. संध्याकाळपर्यंत दोन झाली, तिसरं उद्या. तिच्या मशीनला मी आधी हात घातला.

त्या बाईचं नाव विचारलं. रोडा हिकिन. वय बावीस. आईजवळ राहते, कालव्याच्या पलीकडे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तिसरं मशीन दुपारी झालं. दोनशे वेळा पट्टी दाबली, दोनशे वेळा खटका बसला. पहिला खटका मुद्दाम काढून पुन्हा पन्नास वेळा दाबली. दुसऱ्यानं धरलं.

मग कालवा ओलांडून गेलो. दार विचारत विचारत सापडलं. वाटेत दोनदा थांबलो. पहिल्यांदा वाटलं, प्लांट सांगेलच तिला. दुसऱ्यांदा वाटलं, पत्र लिहावं. पत्र! मग चालत राहिलो.

दार तिनंच उघडलं, डाव्या हातानं. उजवा हात एप्रनमध्ये गुंडाळलेला. केस कपाळावर आलेले, ते तिनं फुंकर घालून बाजूला केले.

"कोण पाहिजे?"

"मिस हिकिन?"

"मीच."

मी टोपी काढली. "तुमचा पाय वर होता," मी म्हणालो. "तो मशीनचा दोष होता. मशीन मी बनवलंय. मला माहीत होतं."

तिनं कोण, कुठला, काहीच विचारलं नाही. अचानक वळून घरात ओरडली, इतक्या जोरात की शेजारचं दार उघडलं.

"आई! ए आई! बाहेर ये! मी सांगत होते ना? पहिल्या दिवसापासून सांगत होते ना मी!"

आतून एक म्हातारी आली, कोपरापर्यंत साबणाचा फेस. मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून. तो येणार होता आणि तो घ्यायला मी उभा होतो.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "परत एकदा सांगा."

मी परत एकदा सांगितलं.